प्लास्टरातला मुराळी

लिंबायतच्या बन्सीलाल पाटलाच्या पायावर लूमचा बीम पडला, तेव्हाचा दणका उधन्याच्या स्टेशनात ऐकू गेला आणि फलाटावर उभी असलेली भुसावळ पॅसेंजर, गार्डाने झेंडा न दाखवताच, दचकून सुटली. हे छगन रिक्षावाल्याचं म्हणणं. छगनच्या म्हणण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडावं आणि उरलेल्यातलं निम्मं त्याला परत करावं. तरी हातात एवढं उरतंच, की ताण्याच्या सुताने भरलेला तो लोखंडी रूळ चार गड्यांना पेलत नव्हता आणि बन्सीलालने तो एकट्याने झेलला, तोही मांडीवर. सरकारी दवाखान्यात त्याचा उजवा पाय कमरेपासून बोटांपर्यंत पांढऱ्या चुन्यात बसवला. मानेला हिसका बसला होता म्हणून गळ्यात जाड पट्टा आवळला, तो वेगळाच.

पट्ट्यामुळे बन्सीलालचं जग एकदम अरुंद झालं. नाकासमोर असेल तेवढं त्याचं, बाकीचं दुसऱ्यांचं. बायको शोभाबाई डाव्या बाजूने बोलू लागली की तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत उत्तर द्यायचा.

"एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच निमूट ऐकताय," शोभाबाई म्हणायची.

"तोंड दिसत नाही ना, म्हणून सोसवतं," बन्सीलाल कॅलेंडरला सांगायचा.

सुरतेत प्लेग येऊन गेला होता, त्यानंतरचे हे दिवस. शहर घासूनपुसून लख्ख केलेलं, माणसांची नाकाला रुमाल लावायची सवय अजून पुरती मोडलेली नाही, आणि डुमसच्या रस्त्याला, मगदल्ल्याजवळच्या धावपट्टीवर अधूनमधून छोटी विमानं उतरायची. लिंबायतच्या माणसाचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की डोक्यावरून घरघर गेली की वर बघायचं. बन्सीलालला आता तेही जमत नव्हतं.

त्याची धाकटी बहीण सरला भावनगरला दिलेली. नवरा तिथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात होता. नकाशा उघडला तर सुरत आणि भावनगर समोरासमोर बसलेत, मध्ये आखाताचं पाणी. पण पाण्यावर रूळ टाकलेले नाहीत. गाडीने जायचं तर निम्म्या गुजरातला प्रदक्षिणा घालावी लागते. म्हणून सुट्टी मिळाली की बन्सीलाल डुमसच्या काळ्या वाळूत जाऊन उभा राहायचा. लोक टमाट्याची भजी खात, उंटावर बसत, आणि हा पश्चिमेकडे तोंड करून हुंगत राहायचा. परत आल्यावर लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सांगायचा, "आज सरूच्या फोडणीत लसूण करपला."

"कशावरून?"

"वारा समोरून होता."

सगळे हसत, तोही हसे. एकदा छगन त्याला न्यायला गेला तेव्हा भजीवाल्याने कढई उतरवली होती, उंट घरी गेले होते आणि बन्सीलाल पाण्यात घोट्यापर्यंत उभा होता. त्या दिवशी त्याला कसला वास आला ते छगनने विचारलं नाही, आणि छगनने एखादी गोष्ट विचारली नाही असं क्वचितच घडतं.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधतात, गौराई मांडतात, सासूच्या नावाने गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. भाऊ तिच्या सासरी जातो, दारात पाणी पितो, सासरच्यांना विचारतो आणि तिला घेऊन येतो. तो मुराळी. मुराळी आला नाही तर माहेर असून नसल्यासारखं. बन्सीलाल दर आखाजीला मुराळी व्हायची तयारी करायचा आणि दर आखाजीला काहीतरी आडवं पडायचं. कधी शेठने सुट्टी दिली नाही, कधी सरलाची सासू अंथरुणाला खिळली, कधी शहरात दंगल, कधी सरलाचा नवराच आजारी. आईबाप गेले, तापीकाठचं गावातलं घर गेलं, आणि माहेर म्हणून जे उरलं ते लिंबायतच्या दोन खोल्यांत येऊन बसलं. त्या खोल्या सरलाने एकदाही पाहिल्या नव्हत्या.

आणि मग तिचा फोन आला. गल्लीच्या तोंडाच्या एसटीडीवाल्याने निरोप धाडला तसा बन्सीलाल कुबड्या टेकत गेला आणि तिने दिलेल्या नंबरावर त्याने उलट फोन लावला.

"भाऊ, मी मस्कतला चालले," सरला म्हणाली.

नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा मस्कतला नोकरीला, आईने एकटं राहू नये म्हणत होता. भावनगरचं घर सोडायचं, तिकीट आलेलं.

"किती दिवस?"

"तो म्हणतो, आता इथंच राहा."

मीटरच्या डब्यातले लाल आकडे पळत होते.

"विमान भावनगरहून निघतं," सरलाच म्हणाली. "सुरतेला थांबतं, मग मुंबई. रात्री तिथून पुढचं."

"मग उतर की सुरतेला."

"उतरू देत नाहीत. सरळ मुंबईचं तिकीट आहे, सुरतेत खाली पाय ठेवायचा नाही म्हणतात." मग थोडं थांबून ती म्हणाली, "त्या दिवशी आखाजी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

बन्सीलालने पायाबद्दल तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. "मुराळी येईल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आखाजीच्या सकाळी शोभाबाई पहाटेपासून सांजोऱ्या तळत होती आणि तळता तळता नवऱ्याला बोलत होती.

"या पायाने मुराळी? लोक हसतील."

"हसू दे. आखाजी आहे."

"आणि तिला खाली पाय ठेवू देत नाहीत, तुम्हाला आत येऊ देत नाहीत. मग भेटणार कुठं, हवेत?"

"तू सांजोऱ्या बांध."

तिने सांजोऱ्या बांधल्या. वर एक नवं लुगडं घडी करून ठेवलं, ते कधी आणलं होतं ते तिने सांगितलं नाही. बन्सीलालच्या डोक्यावर कोरी टोपी ठेवली आणि मान वळत नाही म्हणून स्वतःच समोर येऊन ती सरळ केली.

छगनच्या रिक्षात बन्सीलाल आडवा बसला आणि त्याचा पांढरा पाय उजवीकडून हातभर बाहेर आला. उजवीकडे वळताना छगनला हात दाखवायची गरज उरली नाही. अठवा लाइन्सच्या चौकात पोलिसाने शिट्टी तोंडात घेतली, पाय पाहिला, आणि शिट्टी न वाजवता सगळी रहदारी थांबवून दिली. छगन सांगतो की पोलिसाने सलामही ठोकला. तो वाऱ्यावर सोडायचा भाग.

विमानतळाची इमारत बेताचीच होती. दाराशी पोचतात न पोचतात तोच खाकी शर्टातला एक हमाल चाकाची खुर्ची ढकलत आला आणि बन्सीलालपुढे उभी केली. सरकारी दवाखान्यात राहून बन्सीलाल एक गोष्ट पक्की शिकला होता: चाकाची खुर्ची समोर आली की बसायचं. कुणासाठी आहे असं विचारलं की ती दुसऱ्या पेशंटकडे जाते. तो बसला. कुबड्या छगनच्या हातात राहिल्या.

आता त्या विमानतळावर प्लास्टरातला माणूस यायचा तो मुंबईला ऑपरेशनला जायलाच. हमालाला वाटलं, तिकीट आत दाखवलं असेल. आतल्या दुसऱ्या हमालाला वाटलं, बाहेर पाहिलं असेल. बन्सीलालला वाटलं, मुराळ्याला अडवत नाहीत ते हे असं. खुर्ची पुढे पुढे सरकत राहिली.

तपासणीच्या जागी पोलिसाने हातातलं यंत्र फिरवलं. पायातल्या चुन्याला ते गप्प राहिलं, खिशातल्या तंबाखू-चुन्याच्या डबीला मात्र बोंबललं.

"इस पोटली में क्या है?"

"सांजोऱ्या."

"वो क्या होता है?"

बन्सीलालने गाठ सोडली. पोलिसाने एक सांजोरी उचलली, मोडली, आतला रवा आणि गूळ पाहिला, चाखला, आणि खात्री पटावी म्हणून दुसरीही तपासली. "जाओ काका," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

विमान उतरलं. एखाद्या टेम्पोला पंख लावावेत एवढंसं. हमालाने खुर्ची भर उन्हात, थेट विमानापाशी नेऊन उभी केली. विमानाचं दारच खाली पडलं होतं आणि दाराच्या आतल्या बाजूला पायऱ्या होत्या. गोल गोल खिडक्या उन्हाने पेटल्यासारख्या झळकत होत्या. आत कोण बसलंय, काही दिसत नव्हतं.

पायऱ्यांशी निळ्या साडीतली एक मुलगी उभी होती. तिच्या हातांवरची मेंदी अजून पुरती फिकी झाली नव्हती.

"काका, टिकिट?"

"तिकीट नाही, बेन. मी जायला नाही आलो. न्यायला आलो."

मुलीने हमालाकडे पाहिलं. हमालाने मागे वळून दुसऱ्या हमालाकडे पाहिलं, पण तो तिथं नव्हता.

"कोणाला न्यायला?"

"बहिणीला. सरलाबाई. भावनगरहून आत बसलीय. आज आमची आखाजी, मी मुराळी."

मुलगी त्याला पोलिसाच्या हवाली करायच्या बेतात होती. तिने कोरी टोपी पाहिली, मांडीवरचं गाठोडं पाहिलं, गाठोड्यातून डोकावणारा लुगड्याचा काठ पाहिला.

"तेडवा आव्या छो?" तिने हळूच विचारलं.

इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला तो शब्द कळायला वेळ लागत नाही. गुजराती घरातही लेकीला सासरहून आणायला कुणीतरी जावं लागतं.

"हा, बेन. तेडवा."

मुलीने इमारतीकडे एकदा पाहिलं. "पॅसेंजरने खाली पाय ठेवायचा नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही आत पाय ठेवायचा नाही."

"बरं."

"पण दाराबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही. सामान चढेपर्यंत."

ती पायऱ्या चढून आत गेली. बन्सीलालला पायऱ्या चढायचा एकच प्रकार येत होता, दवाखान्यात शिकवलेला. हमालाच्या खांद्याला धरून तो वळला, पाठमोरा होऊन सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, दोन्ही हात मागच्या पायरीवर रोवले, डाव्या पायाने जोर दिला आणि ढुंगण एका पायरीने वर नेलं. पुढे पांढरा पाय बैल सुटलेल्या गाडीच्या दांडीसारखा. आणखी एक पायरी. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. आणखी एक. आत कुणीतरी जड पावलांनी, खुर्च्यांना धरत धरत येत होतं.

"भाऊ?"

आवाज डोक्याच्या मागून आला. बन्सीलालचे हात पायरीवर होते तिथंच राहिले.

"हां."

"तुना पायले काय व्हयनं?"

"काही नही. जरासा चुना लायेल शे."

"इकडे बघ तरी."

"मान वळत नाही, सरू. पट्टा आहे."

मग ती म्हणाली, "थांब, मीच येते समोर." पण पायऱ्या अरुंद, त्या सगळ्या बन्सीलालने आणि त्याच्या प्लास्टरने व्यापलेल्या. शेळीलासुद्धा बाजूने उतरता आलं नसतं. शिवाय निळ्या साडीतली मुलगी म्हणालीच, "माँजी, नीचे नहीं." तेव्हा सरला होती तिथंच, दाराच्या काठावर बसली. बसताना तिचे गुडघे वाजले ते बन्सीलालला ऐकू आलं. तिची पावलं त्याच्या खांद्याशेजारच्या पायरीवर आली. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख लहानपणी उंबऱ्यावर ठेचलं होतं तसंच वाकडं. तेवढं त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं.

तिने त्याची टोपी काढली आणि डोक्यावर हात ठेवला.

"केस कुठं गेले सगळे?"

"साड्यांत विणले गेले. मुंबईत कुणीतरी नेसून फिरत असेल."

"अजून तसाच आहेस. खोटारडा."

"तू कशी शे?"

"बरी शे."

दोघांची तोंडं एकाच दिशेला, धावपट्टीकडे. झोक्यावर पुढेमागे बसलं की असंच असायचं. पुढच्याला मागचा दिसत नाही, नुसता ढकलतोय हे कळतं.

"मुराळ्याला आधी पाणी," सरला म्हणाली आणि आतून प्लास्टिकचा छोटा ग्लास मागून घेतला. तो बन्सीलालच्या कानाशेजारून पुढे आला. "गूळ नाही. गोळी आहे, विमानात वाटतात ती. घे."

तो पाणी प्याला आणि त्याने गोळी तोंडात टाकली. मग हमालाने खालून दिलेलं सांजोऱ्यांचं गाठोडं खांद्यावरून मागे दिलं.

"वहिनीच्या हातच्या?"

"हां. लुगडंही तिनंच घेतलंय."

मागे खाण्याचा आवाज. बऱ्याच वेळाने सरला म्हणाली, "आई वेलदोडा कमी घालायची."

"होता कुठं घालायला."

सामानाची गाडी विमानाच्या पोटाशी आली. बन्सीलालने घसा साफ केला. बोलणं इतकी वर्षं मनात घोकलेलं, पण ते अशा दारात बोलावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

"चल सरू, माहेरी. आखाजी आली."

"सासरच्यांना विचारलंस?"

"विचारलं. त्या निळ्या साडीतल्या पोरीला."

"काय म्हणाली?"

"सामान चढेपर्यंत जा म्हणाली."

"मग आले," सरला म्हणाली आणि तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "दाखव घर."

बन्सीलालने दाखवलं. दारात शोभाबाईने लावलेली तुळस, आत दोन खोल्या, वर पत्रा, मागच्या खिडकीतून दिसणारी तापी. मागच्या खिडकीतून शेजारच्या खात्याची भिंत दिसते, पण एकदा घर दाखवायचं म्हटल्यावर नदी लांब ठेवून कशी चालेल. सरला प्रत्येक गोष्टीला हुंकार देत होती. अंगणात कडुलिंब आहे का म्हणाली, तर त्याने कडुलिंब लावला. त्याला झोका बांधला.

"आणि ते समोर, कुंपणापलीकडे झाडी दिसते ना," तो म्हणाला, "त्याच्या मागे डुमस. तिथं पाणी. पाण्याच्या पलीकडे तू."

"एवढंच?"

"एवढंच."

"खरंच आहे," सरला म्हणाली. "भावनगरला विमान उठलं तेव्हा मी एक गोळी तोंडात टाकली. ती विरघळायच्या आत सुरत आली." खांद्यावरचा हात घट्ट झाला. "भाऊ, एवढंसं होतं रे. एका गोळीएवढं."

बन्सीलालच्या तोंडात तसलीच गोळी होती, ती विरघळू नये म्हणून त्याने गालात सरकवली.

सामान चढलं. मुलीने आधी घड्याळ पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, मग शेवटी म्हणाली, "काका." सरलाने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, पण उलटी.

"पाया पडते," ती म्हणाली. "पण पाय तर तिकडे खाली आहेत तुझे."

"पाठीला पड. चालतं."

त्याच्या पाठीला, मानेच्या पट्ट्याच्या खाली, तिचं कपाळ टेकलं. सदऱ्यातून ऊब लागली. मग ती निघून गेली आणि तेवढीच जागा ओली राहिली.

खाली उतरायला चढण्यापेक्षा कमी वेळ लागला. हमालाने त्याला खुर्चीत घातलं आणि घाईने इमारतीकडे ढकललं. "फिरव, फिरव," बन्सीलाल म्हणत राहिला. खुर्ची फिरेपर्यंत पायऱ्या वर उचलल्या गेल्या होत्या आणि त्यांचं पुन्हा दार झालं होतं. खिडक्या तशाच उन्हाने भरलेल्या. सरला कोणत्या खिडकीशी बसलीय कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याने पहिलीपासून शेवटचीपर्यंत एकेका खिडकीला हात केला. विमान पळालं, उचललं गेलं, समुद्राच्या बाजूला गेलं आणि पट्ट्याने आखून दिलेल्या जगातून वरच्या वर निघून गेलं. नुसता आवाज उरला, मग तोही नाही.

आत एका साहेबाने त्याला हिंदीत पुष्कळ झापलं. बन्सीलालने समोरच्या भिंतीकडे बघत ते सगळं ऐकून घेतलं. साहेबाला वाटलं, म्हातारा मोठा नम्र आहे.

बाहेर छगन कुबड्या घेऊन उभा होता. कुंपणाच्या तारेचे चौकोन त्याच्या नाकावर उमटले होते.

"सगळं पाहिलं मी," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मगदल्ल्याचा फाटा मागे पडला. रिक्षातून बाहेर आलेल्या पायावर ऊन पडलं होतं.

"छगन."

"बोल."

"तुला तिचं तोंड दिसलं?"

त्या कुंपणापासून विमान चिमणीएवढं दिसतं. छगनने हँडलवरची पकड बदलली.

"न दिसायला काय झालं? स्पष्ट दिसलं."

"कशी आहे?"

"कशी म्हणजे? तुमच्या आईसारखी."

छगनने बन्सीलालच्या आईला कधी पाहिलं नव्हतं.

"गोरी," छगन म्हणाला. त्याला सूर सापडला तशी रिक्षाही जरा बरी चालू लागली. "भरलेली. अंगावर हिरवं पातळ. केस काळेभोर, एक पांढरा नाही. आणि कपाळावर हे एवढं कुंकू, बंद्या रुपयाएवढं. कुंपणापासून चमकत होतं."

बोलून गेल्यावर त्याला सरलाचा नवरा आठवला असावा. त्याने जीभ चावली आणि आरशातून मागे पाहिलं. बन्सीलाल नाकासमोर, रस्त्याकडे बघत होता.

"आणि?" बन्सीलाल म्हणाला.

"आणि काय?"

"हसत होती का?"

"हसत होती."

"कधी?"

"तुझी टोपी काढली तेव्हा. मग ठेवली तेव्हाही."

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. बन्सीलालने पाय थोडा आत ओढून पाहिला, तो हलला नाही, तसा राहू दिला.

"सावकाश घे," तो म्हणाला. "घर काही पळत नाही. आणि मी तिला कडुलिंब दाखवत होतो, तेव्हा?"

छगनने रिक्षा कडेला घेतली, वेग अगदी कमी केला आणि सांगू लागला.